मधल्या पानावर भेटायचं: वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या देशाच्या दोस्तीची चित्रपुस्तकं मुलांसोबत कशी वाचायची आणि घरी कशी बनवायची

सोलापुरातल्या आमच्या गल्लीत दर रविवारी सकाळी साडेदहाला गोष्टींचा कट्टा भरतो. कट्टा म्हणजे काय, आमच्या जिन्याखालची पार्किंगची जागा, दोन जुन्या सोलापुरी चादरी अंथरलेल्या आणि त्यावर दहा-पंधरा पोरं, वय चार ते अकरा. गल्ली अशी आहे की एका घरात तेलुगू, शेजारच्या घरात उर्दू, समोर कन्नड, आणि भांडायची वेळ आली की सगळे मराठीत.

एका रविवारी इंडिया-पाकिस्तान मॅच होती. मी गोष्ट वाचतीये आणि मागून एक आठ वर्षांचं पोरगं दुसऱ्याला सहज म्हणालं, "तू आज कुणाकडनं बे?" ज्याला विचारलं तो नऊ वर्षांचा, मुसलमान घरातला. तो काहीच बोलला नाही, उठला, घरी पळाला आणि पाच मिनिटांनी निळी जर्सी घालून परत येऊन गप बसला. ज्यानं विचारलं त्याच्या डोक्यात वाईट काही नव्हतं हो, घरात कुणीतरी हसत हसत बोललेलं त्यानं इथं आणून टाकलं, एवढंच. पण मला काय बोलावं ते सुचलंच नाही, मी सरळ पुढचं पान उलटलं. ते पान उलटणं मला अजून खटकतं.

त्यानंतर मी ठरवून अशा दोस्तीची चित्रपुस्तकं शोधायला लागले, वाचून दाखवायला लागले, दोनदा चांगली आपटले, आणि शेवटी पोरांबरोबर आमचं स्वतःचं पुस्तक शिवलं. कुणाला आपल्या गल्लीत, सोसायटीत, वर्गात असं काही करायचं असेल तर म्हणून हे सगळं सविस्तर लिहितीये.

पायरी १: आधी घरातली पुस्तकं मोजा

नवीन पुस्तकं घ्यायच्या आधी घरात आहेत ती दहा काढा आणि एक कागद घेऊन बसा. प्रत्येक पुस्तकातल्या मुलांची नावं लिहा, आणि नावापुढं ते मूल काय करतंय ते एका शब्दात लिहा. पतंग उडवतंय, हरवलंय, आजारी आहे, सण साजरा करतंय, हुशारी दाखवतंय, काय असेल ते.

मी हे केलं तेव्हा माझ्या दहात एकच मुसलमान मूल निघालं आणि ते ईदच्या दिवशी शीरखुर्मा घेऊन दारात उभं होतं. बास. वर्षातले बाकीचे दिवस हे पोरगं काय करतं ते कुठंच नाही. शाळेत जातं का, दात पडला का, बहिणीशी भांडतं का, काही नाही. दुसऱ्या देशातलं मूल तर एकही नव्हतं, एक एस्किमो सोडला तर, आणि तो शब्दसुद्धा आता तिकडच्या बऱ्याच लोकांना नको असतो.

अमेरिकेतल्या बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली एक गोष्ट मांडली, ती इथं फार कामाला येते. पुस्तक मुलासाठी कधी आरसा असतं, कधी खिडकी, आणि कधी सरकवून पलीकडं जाता येईल असं काचेचं दार. माझ्या मुलीला घरात सगळे आरसेच होते. त्या जर्सीवाल्या पोराला आमच्या कट्ट्यावर एकही आरसा नव्हता, सगळ्या दुसऱ्यांच्याच खिडक्या.

पायरी २: पुस्तक निवडताना काय बघायचं

दोस्तीचं पुस्तक आहे म्हणजे चांगलंच असणार असं नसतं, यात लई गडबडी असतात म्हणून ही पायरी जरा लांबवतीये.

आधी बघा, पाहुणा कोण आहे? पुष्कळ गोष्टींत एक मूल 'आपलं' असतं आणि दुसरं त्याच्या जगात येतं, वर्गात नवीन येतं, गावात नवीन येतं. एक-दोन गोष्टींत ठीक आहे, पण पाच पुस्तकांत पाचही वेळा तेच मूल नवीन असेल तर पोरांच्या डोक्यात बसतं की हे लोक कुठून तरी आलेत. सोलापुरात तर हे धडधडीत खोटं आहे, पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहणारी घरं आहेत ही.

मग बघा, कोण कुणाला वाचवतं? दोस्ती कधी होते, तर ते दुसरं मूल विहिरीत पडणाऱ्याला वाचवतं, हरवलेली शेळी शोधून देतं, म्हणजे काहीतरी पराक्रम करतं आणि मग सगळे त्याला खेळायला घेतात. मला हे अजिबात आवडत नाही. साध्या, आळशी, रडक्या पोराशी दोस्ती होत नाही का? आपली झाली नव्हती का?

तिसरी गोष्ट चित्रांची. मुसलमान मूल ओळखू यावं म्हणून चित्रकार टोपी घालतो, आणि ते पोरगं झोपताना, अंघोळीला जाताना, क्रिकेट खेळताना सगळ्या पानांवर टोपीत. एकदा असंच पुस्तक वाचताना एक मुलगी पटकन म्हणाली, "माझा भाऊ तर नमाजलाच घालतो." मी म्हटलं बरोबर आहे तुझं, आणि सगळ्यांना विचारलं की चित्र काढणाऱ्यानं असं का केलं असेल? सात वर्षांचा एक म्हणाला, "त्याला नाव लिहायचा कंटाळा आला आसंल." एवढ्या नेमक्या शब्दांत मला सांगता आलं नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या दोघांना मिळून करायला काही काम आहे का? गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच लिहून ठेवलंय की वेगवेगळ्या गटांतली माणसं नुसती एकत्र आणून मनातली अढी जात नाही. दोघं बरोबरीचे लागतात, उद्देश एकच लागतो, तो गाठायला एकमेकांची गरज लागते, आणि आजूबाजूच्या मोठ्यांचा त्याला पाठिंबा लागतो. या चार गोष्टी चार बोटांवर मोजत पुस्तक चाळा. जिथं दोघं मिळून गाडा ढकलतात, पिल्लू सांभाळतात, घर बांधतात ती गोष्ट पोरं परत मागतात. जिथं दोघं हातात हात घालून सूर्याकडं बघत उभी असतात ती गोष्ट फक्त मोठ्यांना आवडते.

आणि एक. ओळख पुसलेली आहे का? 'आपण सगळे सारखेच' हे वाक्य ऐकायला गोड आहे, मीपण आधी तेच म्हणायची. पण ब्रिटनमध्ये लिंडसे कॅमेरॉन, अ‍ॅडम रटलंड वगैरे संशोधकांनी २००६ साली छापलेला एक अभ्यास आहे. पाच ते अकरा वयाच्या ब्रिटिश मुलांना सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ब्रिटिश आणि निर्वासित मुलांच्या मैत्रीच्या गोष्टी सांगितल्या. काही गटांच्या गोष्टींत मुलांच्या वैयक्तिक आवडीनिवडींवर भर होता, काहींच्या गोष्टींत आपण एका शाळेचे यावर, आणि काहींच्या गोष्टींत आपण एका शाळेचे आहोत पण हा ब्रिटिश आणि ती निर्वासित हेपण स्पष्ट ठेवलेलं. मुलांचं मत सगळ्यात जास्त सुधारलं ते या तिसऱ्या प्रकारानं. म्हणजे नाव, भाषा, सण, देश हे सगळं गोष्टीत असू द्या, लपवू नका. लपवलं तर मुलाला वाटतं हा एकच चांगला निघाला, बाकीचे तसेच.

ससा आणि कासव टाईप प्राण्यांच्या गोष्टी, लाल डोंगरावरचे आणि निळ्या डोंगरावरचे, याबद्दल एक सांगते. छान असतात, लहानांना चालतात, घरच्या आजी-आजोबांचीपण काही हरकत नसते. पण पोरांसाठी ससा हा ससाच असतो हो. लाल डोंगरावरून आपल्या गावातल्या विजापूर वेशीपर्यंत मूल आपण होऊन चालत येत नाही, त्यासाठी खऱ्या नावांची गोष्ट लागतेच.

पायरी ३: पुस्तकं कुठून आणायची

ही पायरी सोपी आहे. प्रथम बुक्स या प्रकाशनाचं स्टोरीवीवर म्हणून संकेतस्थळ आहे, २०१५ पासून चालू आहे, तिथं मराठी, उर्दू, तेलुगू, कन्नड सगळ्यात चित्रकथा फुकट वाचता येतात, उतरवून छापूनपण घेता येतात. एकच गोष्ट दोन-तीन भाषांत मिळते हा आमच्यासारख्या गल्लीला सगळ्यात मोठा फायदा. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात. एकलव्य आणि तूलिका यांची बघा, मराठीत ज्योत्स्ना प्रकाशनाची बघा. शिवाय हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी वाचनालयं आपल्याकडं आहेतच.

बिनशब्दांची चित्रपुस्तकं मिळाली तर सोडू नका. इटलीच्या लाम्पेदूझा बेटावर आफ्रिका आणि पश्चिम आशियातून निर्वासित येतात, त्यांच्या पोरांसाठी आणि तिथल्या स्थानिक पोरांसाठी आयबीबीवाय या बालपुस्तकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१२ मध्ये जगभरातून अशी बिनशब्दांची पुस्तकं गोळा करायला घेतली, कारण चित्र वाचायला कुठलीच भाषा लागत नाही. ही संस्था ज्यांनी काढली त्या येला लेपमनबाई स्वतः ज्यू, हिटलरच्या काळात जर्मनी सोडून गेलेल्या, युद्ध संपल्यावर परत आल्या आणि काल-परवापर्यंत जर्मनीशी लढत होते त्याच देशांकडं जर्मन मुलांसाठी पुस्तकं मागितली, आणि १९४६ मध्ये म्युनिकला त्याचं प्रदर्शन भरवलं. १९४९ मध्ये तिथंच मुलांचं आंतरराष्ट्रीय वाचनालय झालं आणि १९५३ मध्ये झ्युरिकला ही संस्था. लोकं अजून ढिगारे उपसत होती आणि ही बाई चित्रपुस्तकं गोळा करत होती.

पायरी ४: वाचून दाखवताना

वेळ ठरलेली ठेवा आणि किमान सहा आठवडे सलग करा, एका रविवारी जोरात आणि मग महिनाभर गायब असं करू नका. बसायची जागा कुणाच्या देवघरासमोर नको, कुणाच्या दिवाणखान्यात नको, जिना, अंगण, गच्ची बरी. खायला केळी ठेवा, बाकीच्या भानगडीत पडू नका, अंडं आहे का, कुणी केलं, कशात केलं, त्यापेक्षा केळं सालीत असतं. रमजानमध्ये आम्ही खाणं बंदच ठेवतो कारण आठ-नऊ वर्षांची पोरंपण हौसेनं एखादा रोजा धरतात, त्यांच्यासमोर चघळत बसायला बरं वाटत नाही.

पुस्तक उघडायच्या आधी कव्हर दाखवा आणि गप बसा. खरंच गप, मनात दहापर्यंत मोजा. पोरं बोलायला लागतात. मग वाचा, आणि मधे एकाच ठिकाणी थांबा, जिथं दोघांचं बिनसतं तिथं. "आता काय होईल?" एवढंच विचारा.

शेवटी 'यातून आपण काय शिकलो' हे विचारायचं नाही. मी पहिल्यांदा आपटले ते इथंच, छान गोष्ट झाली आणि मी विचारलं काय शिकलो, तर तेरा पोरांनी एका सुरात "सगळे समान आहेत" म्हटलं आणि चपला घालून पसार. उत्तर पाठच होतं त्यांना. आता मी विचारते, "या दोघांतला कोण तुमच्या घरी राहायला आलेला चालेल?" त्यावर अर्धा तास भांडतात.

दुसऱ्यांदा आपटले ते जास्त लागलं. ईदचं पान आलं आणि मी कट्ट्यावरच्या एका मुलीकडं वळून म्हटलं, तू सांग बरं तुमच्यात काय करतात. ती लाजली, मग काहीतरी पुटपुटली, आणि पुढचे दोन रविवार आलीच नाही. तिच्या अम्मीनं नंतर जिन्यात गाठून सरळ सांगितलं, "भाभी, वो गोष्ट सुनने को आती, इंटरव्ह्यू देने को नहीं." तेव्हापासून नियम, कुठल्याही मुलाला त्याच्या धर्माचा प्रवक्ता करायचं नाही. आपण होऊन सांगितलं तर ऐकायचं, आणि सांगतातच, फक्त त्यांना वाटेल तेव्हा.

अवघड प्रश्न येणार, तयारी ठेवा. मला आलेले काही आणि मी काय म्हणते ते सांगते.

"पाकिस्तानातली पोरं आपली दुश्मन आहेत ना?" मी म्हणते, दोन देशांची सरकारं भांडलीत, युद्धंपण झालीत, सैनिक मेलेत, हे खरं आहे. तिथं तुझ्याएवढी पोरं आहेत, त्यांना उद्या गणिताचा पेपर आहे, हेपण खरं आहे. पहिलं वाक्य गाळू नका. घरात बातम्या चालू असतात, पोरांना माहिती असतं, आपण फक्त गोड बोललो तर त्यांचा आपल्यावरचा विश्वास उडतो.

"आजी म्हणते त्यांच्याकडं खायचं नाही." इथं आजीला नावं ठेवायची नाहीत, ते मूल घरी जाऊन सांगणार आणि कट्टा बंद. मी म्हणते, आजीच्या घरात आजीचा नियम, पण खेळायला आजीनं नको म्हटलंय का? बहुतेक वेळा नसतं म्हटलेलं.

आणि मॅचचा तो प्रश्न. तो परत आला तर मी आता पान उलटत नाही. विचारणाऱ्यालाच विचारते, "हा प्रश्न तू मला का नाही विचारलास?" मग शांतता होते. ती राहू द्यायची, घाईनं भरायची नाही.

पायरी ५: देशाच्या पलीकडचं कसं समजवायचं

धर्म शेजारी राहतो, देश लांब असतो, त्यामुळं दुसऱ्या देशातलं मूल पोरांना खरं वाटतच नाही. त्यासाठी घड्याळं काढा. पुठ्ठ्याची चार घड्याळं करा आणि खाली गावांची नावं लिहा. सोलापुरात सकाळचे साडेसात वाजले की कराचीत सात वाजलेले असतात, ढाक्यात आठ आणि बीजिंगमध्ये दहा. मग प्रत्येक घड्याळाखाली त्या वेळी ते मूल काय करत असेल ते काढायला सांगा. आमच्याकडं कराचीचं मूल अजून अंथरुणात होतं आणि आई ओरडत होती, चीनचं मूल मधल्या सुट्टीची वाट बघत होतं. मग एकजण म्हणाला, "म्हणजे पाकिस्तानातल्या पोराला आपल्यापेक्षा अर्धा तास जास्त झोप?" आणि खरंच हेवा वाटायला लागला सगळ्यांना. (नाही, झोप तेवढीच असते, पण हे समजवायला मला पुढचा रविवार लागला.)

थोड्या मोठ्या पोरांना आणखी एक सांगता येतं. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता, म्हणजे कराची आणि सोलापूर एकाच इलाख्यात. नकाशावर बोट फिरवून दाखवा, रेघा नंतर आल्या हे त्यांना लगेच कळतं.

चीनसाठी तर आपल्याला सोलापूरच्या बाहेर जायलाच नको. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच, जन्म १० ऑक्टोबर १९१०. जपान-चीन युद्धात मदतीला १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर गेले त्यातले एक. तिथंच राहिले, क्वो छिंगलान या नर्सशी लग्न केलं, मुलगा झाला त्याचं नाव यिनह्वा, यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले, वय फक्त बत्तीस, मुलगा तेव्हा काही महिन्यांचा. त्यांच्या इथल्या घराचं स्मारक आहे, पोरांना घेऊन जा. आमच्या पोरांना डॉक्टरांपेक्षा यिनह्वा जास्त आवडला. नावात दोन देश असलेलं पोरगं मोठं झाल्यावर कुठल्या भाषेत स्वप्नं बघत असेल यावर एकीनं अख्खं पान काढलं.

सोलापूरच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांबद्दल मात्र जरा जपून सांगा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात एकाच दिवशी फाशी गेले. चार नावं वाचली तरी आपलं गाव कळतं, आणि पुण्याला जाताना आपण ज्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसतो ती यांच्याच नावाची. हे सांगाच. फक्त 'बघा, त्यांच्यातलेपण देशासाठी मेले' या सुरात नको. म्हणजे काय, फासावर गेल्यावर दोस्ती करणार का? शेजारच्या पोरानं सायकल दिली एवढं कारण पुरे.

पायरी ६: आपलं पुस्तक शिवायचं

आता माझी सगळ्यात आवडती पायरी.

उर्दू उजवीकडून डावीकडं लिहितात हे आपल्याला माहिती असतं, पण त्यामुळं उर्दू पुस्तकाचं कव्हर आपल्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला येतं हे हातात घेतल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. माझ्या मुलीनं शेजारच्या मैत्रिणीचं पुस्तक उलटं धरलं आणि दोघी हसत सुटल्या, तिथून ही आयडिया आली. एकच पुस्तक, एका बाजूनं उघडलं की मराठी, दुसऱ्या बाजूनं उघडलं की उर्दू, आणि दोन्ही गोष्टी मधल्या पानावर भेटतात. उलटं-सुलटं फिरवायचीपण गरज नाही. मराठी बाजूची मुलगी डावीकडून उजवीकडं चालत जाते, उर्दू बाजूची उजवीकडून डावीकडं, कारण वाचणाऱ्याचा डोळापण तसाच जातो. मधे दोघी समोरासमोर येतातच.

सामान: चार जाड कोरे कागद, ए-फोर चालतील, ड्रॉइंग पेपर असेल तर उत्तम. दाभण, मोठी सुई, जाड सूत. सूत आपल्याकडं विकत घ्यायला लागत नाही, कुणाच्या तरी घरात पॉवरलूमवरचं उरलेलं असतंच.

चारही कागद एकत्र ठेवून मधोमध दुमडा. सोळा पानं झाली. (छापील चित्रपुस्तकं बहुतेक बत्तीस पानांची असतात, कारण मोठा कागद छापून दुमडला की पानं आठ-सोळाच्या पटीत पडतात. घरी सोळा पुष्कळ झाली.) आता चित्र काढायच्या आधीच सगळ्या पानांवर पेन्सिलीनं बारीक आकडे टाका, हे विसरलात तर कागद सुटे केल्यावर वेड लागेल. १ म्हणजे मराठी कव्हर, १६ म्हणजे उर्दू कव्हर. २ ते ७ मराठी गोष्ट. १५ पासून उलटं १० पर्यंत उर्दू गोष्ट. ८ आणि ९ हे मधलं जोडपान, ते एकाच सलग कागदावर येतं त्यामुळं चित्र मधे तुटत नाही. त्यावर एकही अक्षर लिहायचं नाही.

मग कागद सुटे करा आणि वाटून द्या. प्रत्येक कागदावर मराठी आणि उर्दू दोन्हीकडची पानं येतात, म्हणजे जोड्या लावल्या तर दोन मुलांना एकाच कागदावर वाकून काम करायला लागतं, कोपर लागतं, रंग सांडतो. ऑलपोर्टची चार बोटं इथं आपोआप येतात, वेगळं शिकवायला नको.

गोष्ट कुठली? सण घेऊ नका, मी सांगते. आमची पोरं आधी म्हणाली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा करू, मग कुणी म्हणालं ईद करू, आणि लगेच सुरू झालं की मोठं चित्र कशाचं. शेवटी मीच विचारलं की असं काय आहे जे तुमच्या सगळ्यांच्या घरात एकाच वेळी होतं? एका चार वर्षांच्या पोरीनं सांगितलं, "पाणी येतं."

सोलापूरकरांना यापुढं सांगायलाच नको. उजनी धरण भरलेलं असो का नसो, आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं, आणि आलं की अख्खी गल्ली जागी. मग गोष्ट अशी झाली. मराठी बाजूला श्रावणी, दिवेलागणीला पाणी येणार म्हणून घागर, कळशी, तांब्या सगळं रांगेत लावते. उर्दू बाजूला आफरीन, तिची अम्मी सांगते मगरिबनंतर पाणी येणार, ती बादल्या लावते. वेळ तीच हो, नावं दोन. दोघींच्या घरचा पाइप नळापर्यंत पुरत नाही. श्रावणीकडं अर्धा पाइप, आफरीनकडं अर्धा. मधल्या पानावर दोघी पाइप जोडून धरतायत, जोडातून पाणी उडतंय आणि दोघी चिंब. संपलं. कुणी कुणाला वाचवलं नाही, कुणी भाषण केलं नाही.

उर्दू मजकुराचं एक सांगते. मी एका ओळखीच्या मास्तरांकडून आधी छान शुद्ध उर्दूत लिहून आणलं होतं, ते वाचल्यावर आफरीनचं पात्र जिनं काढलं ती म्हणाली, "आमच्यात असं कोण नाय बोलत." मग तिच्या अम्मीनंच बसून लिहिलं, घरात बोलतात तसं, 'पानी आया बोल के अम्मी चिल्लाई'. मराठीपण तसंच ठेवलं, 'पाणी आलंssss'. तेलुगू घरातली एक म्हणाली मग आमचं काय, तर नळाच्या वरच्या खिडकीतून एक अक्का 'नीळ्ळु वच्चायि' (पाणी आलं) म्हणून ओरडतीये असं सात नंबरच्या पानावर टाकलं. ती अक्का आता सगळ्यात लाडकी आहे.

शिवायचं असं. सगळी चित्रं वाळली की कागद एकात एक घाला, दुमडीवर दाभणानं तीन भोकं पाडा, एक मधोमध, दोन वर-खाली टोकापासून दोन बोटं आत. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, मधलं सोडून सरळ खालच्या भोकातून बाहेर, आणि परत मधल्यातून आत. दोन्ही टोकं मधल्या लांब धाग्याच्या दोन बाजूंना येतील अशी धरून घट्ट गाठ मारा. साध्या स्टेपलरचा हात दुमडीपर्यंत पुरत नाही, मी प्रयत्न करून झालाय. दाभण मोठ्यांनीच धरा.

झेरॉक्स काढायची असेल तर शिवायच्या आधी काढा. आम्ही शिवल्यावर गेलो, दुकानदारानं पुस्तक काचेवर दाबलं आणि मधला धागा तुटला.

पायरी ७: पालकांचं काय

थोडक्यात सांगते. आधी प्रत्येक घरी जाऊन सांगा काय वाचणार आहे, पुस्तक दोन दिवस घरी ठेवायला द्या, मोठी माणसं चाळतात आणि निम्मी शंका तिथंच जाते. ग्रुपवर पोरांचे फोटो टाकू नका. कुणी मूल पाठवायचं बंद केलं तर समजवायला दारात जाऊ नका, पुस्तक पोचवत राहा. आमच्याकडं एक घर पाच महिन्यांनी परत आलं, का गेलं होतं आणि का आलं ते मी विचारलं नाही.

सध्या दुसरं पुस्तक चालू आहे. यावेळी एका बाजूला सोलापूर आणि दुसऱ्या बाजूला कराची, आणि आयडिया त्या जर्सीवाल्या पोराची आहे. दोन्हीकडची पोरं सकाळी अर्ध्या तासाच्या फरकानं उठतात, बॅट शोधतात, आईच्या शिव्या खातात आणि मधल्या पानावर मॅच. चित्र अर्धं झालंय. तीन रविवार काम अडलंय कारण अंपायर कुठला घ्यायचा ते ठरत नाहीये. एकजण म्हणतो चीनचा घ्या, यिनह्वाला उभा करा. दुसऱ्याचं म्हणणं, त्याला क्रिकेटचं काय कळतंय बे.